थेट चित्र शिळं का होतं?

दारावर एक यूएसबी वेबकॅम, त्याला जोडलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक, त्यावर पायथन भाषेत, ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, आणि घरातल्या फोनवर दिसणारं चित्र, ज्यात हालचालीभोवती हिरवी चौकट. एवढी जोडणी एका संध्याकाळी उभी राहते. पण बरेचदा फोनवर दिसतं ते मघाचं दार असतं. पाहुणा घंटी वाजवून आत आलेला असतो आणि पडद्यावर तो अजून जिनाच चढत असतो. पहिला संशय वायफायवर जातो. खरा दोष बहुधा वाटेत कुठेतरी साचलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे व्हिडिओतल्या एकेका चित्राचा, असतो.

सुरुवात कॅमेऱ्यापासून. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० बिंदू. बिंदूला तीन बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे २.७६ मेगाबाइटची होते. सेकंदाला ३० फ्रेम घेतल्या तर ८३ मेगाबाइट, म्हणजे ६६० मेगाबिटच्या वर. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादाच सेकंदाला ४८० मेगाबिट आहे. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. पहिली, बिंदूला दोन बाइट लागणारा वाययूवायव्ही प्रकार. तोही ४४२ मेगाबिटपर्यंत जातो आणि प्रत्यक्षात तेवढी जागा यूएसबीवर मिळत नाही, म्हणून कॅमेरा फ्रेमदर खाली आणतो, बरेचदा थेट १० वर. दुसरी वाट एमजेपीजीची, ज्यात कॅमेरा प्रत्येक फ्रेम जेपेगमध्ये आवळून पाठवतो. तेव्हा कॅमेरा उघडल्यावर आधी एमजेपीजी मागायचं, मग रुंदी, उंची आणि फ्रेमदर. मागितलेलं मिळालं का, हे परत वाचून बघायचंच. कॅमेऱ्याला न जमणारी मागणी ओपनसीव्ही चूक दाखवून नाकारत नाही, जवळपासचं काहीतरी गपचूप लावून देते.

दिवसा ३० चा दर आणि रात्री १५ चा, असं झालं तर कोडमध्ये शोधू नका. ३० फ्रेमच्या दराला शटर जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद उघडं राहू शकतं. उजेड कमी पडला की स्वयंचलित एक्स्पोजर ते जास्त वेळ उघडं ठेवतं आणि दर पडतो. अनेक कॅमेऱ्यांत ही सवलत बंद करता येते. चित्र काळपट होईल, पण दर टिकेल. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर विजेची वारंवारता तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. कॅमेरा ६० वर लावलेला असेल तर शटरचा तिच्याशी मेळ बसत नाही.

आता प्रोग्रॅम. ३० चा दर हवा असेल तर एका फ्रेमवरचं सगळं काम ३३ मिलिसेकंदांत उरकायला हवं. हालचाल ओळखायला पूर्ण चित्र लागत नाही. ते ३२० बाय १८० वर आणलं की बिंदू सोळापट कमी होतात. मग करड्या छटेत बदलायचं, किंचित धूसर करायचं, पार्श्वभूमीशी तुलना करून बदललेले बिंदू पांढरे करायचे आणि या पांढऱ्या ठिपक्यांतले बारीक ठिपके टाकून द्यायचे. नुसत्या आधीच्या फ्रेमशी तुलना केली तर स्थिर उभा राहिलेला माणूस लगेच गायब होतो, म्हणून हळूहळू बदलणारी पार्श्वभूमी धरणारी एमओजी२ पद्धत बरी. ती सावलीला १२७ ही वेगळी छटा देते (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा). २०० च्या खालचं सगळं शून्य केलं की सावल्या गळतात. चौकट मूळ चित्रावर काढताना सगळे आकडे चारने गुणायचे, हे मात्र हमखास विसरलं जातं.

समजा हे काम ३३ ऐवजी ५० मिलिसेकंद घेतंय. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम देतो, प्रोग्रॅम २० च संपवतो. एकही फ्रेम वाया जाऊ नये म्हणून कुणी मध्ये अमर्याद रांग ठेवली, तर मिनिटभरात १,८०० फ्रेम आलेल्या असतात आणि १,२०० झालेल्या. म्हणजे आत्ता हाताळली जाणारी फ्रेम २० सेकंदांपूर्वीची, आणि मागे तुंबलेल्या ६०० फ्रेम्सनी दीड गिगाबाइटहून जास्त मेमरी अडवलेली. पुढच्या मिनिटाला दोन्ही आकडे दुप्पट. तेव्हा जपून ठेवण्याचा मोह सोडायचा. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग, सतत कॅमेरा वाचत राहतो आणि एकाच जागी सर्वात ताजी फ्रेम ठेवतो, जुनीवर नवी लिहीत. दुसरा थ्रेड मोकळा झाला की तिथून उचलतो. उचलताना लॉक लावून, म्हणजे तेवढ्यापुरतं दुसऱ्या थ्रेडला थांबवून, फ्रेमची प्रत घ्यायची, नाहीतर एकीकडे चौकट काढली जात असताना दुसरीकडे तीच मेमरी बदलते आणि अर्धं जुनं, अर्धं नवं चित्र निघतं.

पाठवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे वेबपानं येतात त्याच एचटीटीपीवरून एकामागून एक जेपेग. ब्राउझरला ते साध्या चित्राच्या टॅगमध्ये दिसतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. किंमत बँडविड्थची: फ्रेम १०० किलोबाइटची धरली तर ३० च्या दराला २४ मेगाबिट, तेही प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळे. घरात एक-दोघांना पुरे. शिवाय हे सगळं क्रमानेच पोचवणाऱ्या टीसीपीवर चालतं, त्यामुळे एक पॅकेट हरवलं की ते पुन्हा येईपर्यंत मागचं सगळं थांबतं. मंद फोनसाठी सर्व्हरवर फ्रेम्स साचू द्यायच्या नाहीत, इथेही ताजी तेवढीच द्यायची.

एच.२६४ ही व्हिडिओ आवळण्याची पद्धत फ्रेम्समधला फरक तेवढा पाठवते, त्यामुळे त्याच चित्राचं काम २ ते ४ मेगाबिटमध्ये भागतं. पण एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनातला एक्स२६४ एन्कोडर, म्हणजे आवळणारा भाग, मुळात फायली आवळण्यासाठी जुळवलेला आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सुमारे ४० फ्रेम पुढचं पाहून निर्णय घेतो, म्हणजे सव्वा सेकंद इथेच गेला. ‘झीरोलेटन्सी’ हा ट्यून लावला की ते पुढे पाहणं आणि पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असणाऱ्या बी-फ्रेम्स दोन्ही बंद होतात. दुसरी खोच की-फ्रेमची, म्हणजे फरक नव्हे तर पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमची. पुढची की-फ्रेम मुळात २५० फ्रेमपर्यंत लांबू शकते, म्हणून नव्याने जोडलेला माणूस आठ सेकंद काळा पडदा बघत बसतो. हे अंतर ३० करा. पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे बिंदूंचे रंग मांडण्याची रीत, वाययूव्ही४२०पी सांगायला विसरलात तर काही प्लेअर चित्रच दाखवणार नाहीत.

आरटीएसपी ही थेट व्हिडिओ पाठवण्याची पद्धत ब्राउझरमध्ये थेट चालत नाही. व्हिडिओ तुकड्यांत पाठवणारं एचएलएस चालतं, पण सहा-सहा सेकंदांचे तुकडे आणि प्लेअर तीनेक तुकडे साठवणार, म्हणजे १८ सेकंद गेले. क्रिकेट बघायला ठीक, दार बघायला नाही. फोनच्या ब्राउझरवर ताजं चित्र हवं असेल तर ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलसाठीचं वेबआरटीसी. घराबाहेरून बघायचं म्हणून राउटरवर पोर्ट उघडं टाकू नका, व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कशी सुरक्षित खासगी जोडणीतून, या.

विलंब मोजायला उपकरण लागत नाही. एका फोनवर मिलिसेकंद दाखवणारं स्टॉपवॉच चालू करून ते कॅमेऱ्यासमोर धरा आणि दुसऱ्या फोनने स्टॉपवॉच व पडद्यावरचं चित्र यांचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एकूण विलंब. ६० हर्ट्झच्या पडद्यांमुळे त्यात १५-२० मिलिसेकंद इकडेतिकडे होणारच. हेच मोजमाप सुरू केल्यावर एकदा आणि अर्ध्या तासाने एकदा घ्या. फरक वाढलेला दिसला तर रांग कुठेतरी अजून शिल्लक आहे. तेवढाच राहिला पण मोठा असेल, तर एन्कोडर किंवा प्लेअरची साठवण तपासा.