पथदर्शिका, अर्धसंवाहक तंत्रज्ञानाची

एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या चिप-कंपन्या, त्यांना यंत्रे व रसायने पुरविणारे कारखाने, विद्यापीठे आणि सरकारी प्रयोगशाळा यांनी एकत्र बसून पुढील सुमारे पंधरा वर्षांसाठी आखलेले तांत्रिक गरजांचे वेळापत्रक. व्यवहारात ‘रोडमॅप’ हाच शब्द रूढ आहे. मराठी परिभाषेत सेमीकंडक्टरला अर्धसंवाहक म्हणतात. हिंदीतला ‘अर्धचालक’ अलीकडे मराठी बातम्यांतही दिसतो, तो येथे टाळला आहे. पथदर्शिका म्हणजे भाकीत नव्हे. अमुक साली अमुक रुंदीची रेघ सिलिकॉनवर उमटवायची, तर त्या साली कोणता प्रकाशस्रोत, कोणते रसायन आणि किती अचूक मापनयंत्र हाताशी हवे, याची ती मागणीयादी असते. ती मागणी कोणी पुरवायची हे मात्र तीत लिहिलेले नसते.

उगम : याविषयी एकमत नाही. एक मत गॉर्डन मूर (पुढे इंटेलचे सहसंस्थापक) यांच्या १९६५ च्या लेखापाशी जाऊन थांबते. एका चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचे निरीक्षण त्यात होते. १९७५ मध्ये मूर यांनीच ती मुदत दोन वर्षांवर नेली. परंतु त्या लेखाने वेग सांगितला, वाट सांगितली नाही. दुसरे मत मोटोरोला कंपनीला मान देते. तेथील पद्धतीचे वर्णन विलयार्ड व मॅकक्लीस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ‘टेक्नॉलॉजी रोडमॅप’ हा शब्दप्रयोग उद्योगजगतात पसरण्यास त्याचा हातभार लागला असावा. तथापि तो एका घराचा हिशेब होता, गावाचा नव्हे. तिसरे मत जपानकडे बोट दाखवते. १९७६ ते १९८० या काळात जपान सरकारच्या व्यापार-उद्योग मंत्रालयाने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, एनईसी आणि तोशिबा या पाच कंपन्यांना एका प्रकल्पात आणले. कावासाकी येथे त्यांची सामाईक प्रयोगशाळा होती. खर्चाचा निम्म्याहून कमी वाटा सरकारचा होता. अमेरिकी कारखानदारांना खडबडून जागे केले ते याच प्रकल्पाने. मात्र तो मुदतीचा प्रकल्प होता. मुदत संपली, प्रयोगशाळा मोडली, आणि दर काही वर्षांनी सुधारून काढायचा दस्तऐवज असा मागे राहिला नाही.

हीच कसोटी लावली तर १९९२ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. त्याआधी १९९१ मध्ये ‘मायक्रो टेक २०००’ नावाची एक सरकारप्रणीत चाचपणी झाली होती. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेच्या अर्धसंवाहक उद्योगसंघाने टेक्ससमध्ये कार्यशाळा भरवून पहिली राष्ट्रीय पथदर्शिका तयार केली. तिच्या सुधारित आवृत्त्या १९९४ व १९९७ मध्ये निघाल्या. १९९९ च्या आवृत्तीपासून युरोप, जपान, कोरिया, तैवान व अमेरिका या पाच प्रदेशांची मिळून आंतरराष्ट्रीय पथदर्शिका (आयटीआरएस) सुरू झाली.

सामाईक संशोधनाची कल्पना मात्र चिपहून जुनी आहे, आणि ती कापडाची आहे. सोलापूरच्या वाचकाला हा धागा आधी दिसावा. ब्रिटनमधील सूतगिरण्यांनी सरकारी मदतीसह १९१९ मध्ये संशोधनसंघ स्थापन केला. त्याच वळणावर अहमदाबादेत १९४७ मध्ये ‘अटिरा’, मुंबईत १९५४ मध्ये ‘बीटीआरए’ आणि कोईमतूर येथे १९५६ मध्ये ‘सिट्रा’ उभी राहिली. गिरण्यांनी वर्गणी द्यायची, सरकारने भर घालायची, आणि निघालेले ज्ञान सर्व सभासदांचे, असे हे साधे सूत्र होते. अमेरिकी चिप-कंपन्यांनी तेच सूत्र तीसेक वर्षांनी वापरले. चिपचे इतिहासकार या कापडी पूर्वजांकडे सहसा वळत नाहीत.

संघटना : यंत्रे व साहित्य पुरविणाऱ्यांची ‘सेमी’ ही संघटना १९७० ची, तर चिप बनविणाऱ्यांचा अमेरिकी उद्योगसंघ (एसआयए) १९७७ चा. संस्थापकांत इंटेलचे रॉबर्ट नॉइस, एएमडीचे जेरी सँडर्स, नॅशनल सेमीकंडक्टरचे चार्ल्स स्पोर्क हे होते. या संघाच्या पुढाकाराने १९८२ मध्ये विद्यापीठांतील संशोधनाला पैसा पुरविणारे सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन निघाले. स्पर्धकांनी एकत्र बसणे अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे होते, कारण मक्तेदारीविरोधी कायद्याला त्यात भाव ठरविण्याचा वास येतो. १९८४ च्या सहकारी संशोधन कायद्याने ही धास्ती कमी केली. बाजारात माल जाण्याआधीचे, कोणालाच आघाडी न देणारे संशोधन एकत्र करावे, ही मर्यादा तेव्हापासून सर्वत्र पाळली जाते. निदान तसे सांगितले जाते. जागतिक अर्धसंवाहक परिषद १९९६ च्या अमेरिका-जपान करारातून आली. चीनचा उद्योगसंघ तीत २००६ मध्ये दाखल झाला.

सेमेटेक : १९८७ मध्ये चौदा अमेरिकी कंपन्यांनी स्थापिलेली ही संस्था टेक्ससमधील ऑस्टिन येथे होती. सरकार वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर देई व साधारण तेवढीच रक्कम सभासद घालीत. नॉइस हे तिचे पहिले मुख्य कार्यकारी. १९९० मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. स्वतःच चिपची प्रक्रिया विकसित करायची हा मूळ बेत लवकरच मागे पडला, कारण आपले खरे गुपित कोणीच टेबलावर ठेवीना. मग संस्था यंत्रपुरवठादारांना सुधारण्याकडे वळली, आणि तिचे सर्वांत उपयुक्त काम बहुधा तेच ठरले. सरकारी निधी १९९६ मध्ये थांबला. तिच्या यशाविषयी अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत. आयर्विन व क्लेनो यांच्या १९९६ च्या अभ्यासानुसार सभासद कंपन्यांचा स्वतःचा संशोधन-खर्च कमी झाला. एकाच प्रयोगावर चौघांनी पैसे घालणे थांबले, असा त्याचा अर्थ लावता येतो. जपानवरची सरशी एकट्या सेमेटेकमुळे झाली, हे मत आता फारसे मांडले जात नाही. बेल्जियममधील लूव्हेन येथे १९८४ मध्ये निघालेली ‘आयमेक’ ही संस्था अधिक टिकली. ती कोणत्याही एका देशाच्या कंपन्यांपुरती बांधलेली नाही.

रचना व रंग : आयटीआरएसची पूर्ण आवृत्ती विषम वर्षी निघे, सम वर्षी केवळ तक्ते सुधारले जात. तक्त्यातील पांढरा रकाना म्हणजे उपाय हाती आहे, पिवळा म्हणजे ठाऊक आहे पण कारखान्यात बसलेला नाही, आणि लाल म्हणजे उत्पादनयोग्य उपाय माहीत नाही. लाल रकान्यांच्या सलग पट्ट्याला अभियंते ‘लाल विटांची भिंत’ म्हणत. एरवी झाकून ठेवायचे अज्ञान येथे सर्वांसमोर, वर्ष घालून छापले जाई, आणि तक्त्याचे बळ त्यातच होते. पुरवठादार लाल रकाना पाहून कामाला लागे. प्रतिस्पर्धीही तोच तक्ता वाचत असल्याने प्रत्येकाने एक वर्ष आधी पोचायचे ठरवले, आणि १९९० च्या दशकात आवृत्तीगणिक तारखा अलीकडे सरकत गेल्या. उलटेही घडले. चिपमधील तारांमध्ये भरलेल्या विद्युत्रोधकाचा परावैद्युत स्थिरांक (तो जितका कमी, तितका संकेत वेगाने जातो) किती खाली येईल याचे आकडे पुनःपुन्हा लांबणीवर टाकावे लागले. चिपवर रेघा छापण्यासाठी १५७ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तरंगलांबीचा प्रकाश वापरण्याचा मार्ग सोडून द्यावा लागला. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतितीव्र जंबुपार मुद्रण तर घाऊक उत्पादनात यायला २०१८-१९ उजाडले. ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिचा व्यास २०० वरून ३०० मिलिमीटर झाला तेव्हा क्षेत्रफळ सव्वादोन पट वाढले आणि खर्च फिटला. ४५० मिलिमीटरचा बेत मात्र जागच्या जागी राहिला.

नोडची मापे : नोड म्हणजे चिपनिर्मितीची एक पिढी, नॅनोमीटरच्या आकड्याने ओळखली जाणारी. मुळात तिचे मोजमाप होते ते ‘अर्ध-अंतर’. मागाच्या फणीत दातांमध्ये जसे ठरावीक अंतर, तसे शेजारच्या दोन धातुरेघांच्या मध्यांमधील अंतर घ्यायचे व त्याचे निम्मे करायचे. स्मृतिचिपांसाठी हा आकडा बराच काळ नोडच्या नावाशी जुळत असे. पुढे दोहोंची फारकत झाली. ज्याला ‘५ नॅनोमीटर’ म्हणतात त्या पिढीत सर्वांत दाट धातुरेघांचे अंतर सुमारे ३० आणि गेटांचे (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या पट्ट्यांचे) अंतर ५० नॅनोमीटरच्या आसपास आहे; पाच नॅनोमीटर असे काहीच नाही. २००५ च्या आवृत्तीने ‘नोड’ ही संज्ञा बाजूला ठेवली, बाजाराने ठेवली नाही. सोलापुरात वीस काऊंटचे सूत म्हटले की एका पौंडात ८४० वारांच्या वीस लड्या बसल्याच पाहिजेत. काटा आणि लडीचे चाक असेल तर कोणीही पडताळून घ्यावे. काऊंटचा आकडा वाढला की सूत बारीक होते, नोडचा घटला की चिप, एवढाच उलटा हिशेब. पण काऊंट हे माप आहे आणि नोड हे आता नाव आहे.

उत्तरकाळ : अग्रेसर प्रक्रिया चालविणाऱ्या कंपन्या टीएसएमसी, सॅमसंग व इंटेल अशा तीनच उरल्यावर सामाईक तक्त्याची गरजही ओसरली. आयटीआरएसची शेवटची आवृत्ती २०१५ ची. पुढील काम आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेखाली ‘आयआरडीएस’ या नावाने चालते, आणि त्यात यंत्रणा व उपयोग यांना अधिक जागा आहे.

भारत व सोलापूर : आयटीआरएसच्या पाच प्रदेशांत भारत नव्हता. मोहालीच्या सरकारी चिप-कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले, १९८९ मध्ये तेथे आग लागली. भारताचा अर्धसंवाहक उद्योगसंघ २००५ मध्ये बंगळूरला निघाला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये अर्धसंवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. चिप-आरेखनासाठी ८५,००० अभियंते तयार करण्याची योजना त्यापुढची. सोलापुरात चिपचा कारखाना नाही. १९८३ मध्ये सुरू झालेल्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्सचे पदवीधर बाहेर पडतात आणि या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना बहुतेक पुणे किंवा बंगळूरच गाठावे लागते. शहरात सामाईक तांत्रिक सेवेचा जो अनुभव आहे तो यंत्रमाग सेवा केंद्राचा: तेथे सूत व कापड तपासून मिळते, आणि नमुना घेऊन येणारे कारखानदार बाजारात एकमेकांचे स्पर्धकच असतात.