गोळी पोटात गेली, पण विरघळली का?

गोळी गिळली म्हणजे औषध रक्तात पोचलं, असं नाही. आतड्याच्या अस्तरातून पलीकडे जातात ते विरघळलेले, सुटे रेणू. न विरघळलेला कण बहुतेक वेळा आला तसाच बाहेर पडतो. शिवाय वेळ मोजका असतो. लहान आतड्यातला मुक्काम जेमतेम ३ ते ४ तासांचा.

मग कण बारीक करा, हा पहिला उपाय. विरघळण्याच्या वेगाचं समीकरण आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी यांनी १८९७ मध्ये मांडलं. पृष्ठफळ जास्त तर विरघळणं वेगात, हा भाग त्यात नंतर जोडला गेला. १०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बाजूच्या घनाचे १ मायक्रॉनचे तुकडे केले, तर पृष्ठफळ शंभरपट होतं. बुरशीवरच्या ग्रिसिओफल्विनची अशी बारीक पूड केल्यावर निम्मा डोस पुरू लागला. काही औषधांचे पाण्यात अधिक सहज विरघळणारे क्षार बनवतात, डायक्लोफेनॅक सोडियम हे वेदनाशामक त्यातलंच. आम्लतेचाही हात असतो: बुरशीवरचंच किटोकोनॅझोल जठरातल्या आम्लात विरघळतं, त्यामुळे सोबत अँटासिड घेतलं की ते रक्तात कमी उतरतं.

पण दळून फक्त वेग वाढतो. पाण्यात शेवटी किती औषध मावणार, ही मर्यादा जवळपास तशीच राहते. खरी अडचण स्फटिकात आहे. त्यात रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पाण्याला ते सुटत नाहीत.

ही पकड किती महागात पडते, ते एचआयव्हीवरच्या रिटोनाव्हिरने दाखवलं. हे औषध १९९६ मध्ये बाजारात आलं. १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच, शुद्धताही तीच; पण त्याचा नवा, अधिक स्थिर आणि खूपच कमी विरघळणारा स्फटिक तयार झाला होता. अशा स्फटिकाचा कण शिरला की पुढचं औषधही त्याच्याच साच्यात जमायला लागतं. त्या कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. औषधशास्त्रात स्थिरता हा सहसा गुण मानतात. इथे तोच अंगाशी आला.

यावरचा उपाय मला तरी सगळ्यांत चतुर वाटतो: स्फटिक होऊच द्यायचा नाही. औषध आणि पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) एकत्र वितळवून झटकन थंड करतात. रेणूंना रांगेत बसायला फुरसत मिळत नाही, ते काचेसारखे अस्ताव्यस्त गोठतात. अशी गोळी आतड्यात नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त औषध सोडते. ही जादा मात्रा टिकाऊ नसते. थोड्या वेळात स्फटिक पुन्हा जमू लागतात, पण पॉलिमर त्यांना थोपवून धरतो आणि तेवढ्या अवकाशात औषध शोषलं जातं. रिटोनाव्हिरची गोळी २०१० मध्ये आली ती याच पद्धतीने.

अर्थात ही काच मनातून स्फटिकाकडेच ओढलेली असते. ओलावा शिरला की रेणूंची हालचाल वाढते आणि ते हळूहळू पुन्हा रांगेत येऊ लागतात. म्हणून अशा गोळ्या मूळ वेष्टनातून काढून डबीत भरून ठेवू नयेत.