‘शिट’ हा शब्द जहाजावरच्या शिक्क्यातून आलेला नाही

बरीच वर्षे फिरणारा एक मेसेज सांगतो: पूर्वी जहाजातून वाळलेलं शेणखत जायचं. तळाशी ते भिजलं की मिथेन साठायचा आणि कंदील नेताच स्फोट व्हायचा. म्हणून त्यावर ‘शिप हाय इन ट्रान्झिट’, म्हणजे ‘उंचावर ठेवून न्या’, असा शिक्का मारू लागले. त्याच्या आद्याक्षरांतून ‘शिट’ ही शिवी झाली.

गोष्ट पटण्यासारखी आहे, कारण तिचा अर्धा भाग खरा आहे. ओलं शेण हवेविना कुजलं की मिथेन तयार होतोच. आपला गोबरगॅस त्यावरच चालतो. शब्दाचं मूळ मात्र वेगळं आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘शीटन’ हे शौचाला बसण्याचं क्रियापद होतं. 14व्या शतकातल्या इंग्रजी काव्यातही ‘शिटन’, म्हणजे घाणीने माखलेला, असं विशेषण आहे. जर्मनमध्ये याच कुळातला ‘शायसे’ आहे. इंग्रजी आद्याक्षरांतून जर्मन शब्द कसा निघेल? शिवाय आद्याक्षरं जोडून ‘रडार’सारखे शब्द घडवण्याची चाल मुख्यतः 20व्या शतकातली.

पडताळायचं असेल तर व्युत्पत्ती देणारा कुठलाही मोठा इंग्रजी कोश उघडा. नोंदीत ‘ओल्ड इंग्लिश’ असा उल्लेख दिसेल. शिक्क्याचा दिसणार नाही. इतर इंग्रजी शिव्यांच्या अशा आद्याक्षरी कथा आल्या, तरी आधी शब्दाचं वय पाहावं.