ग्लिसरीन (त्वचेच्या निगेतला वापर)

ग्लिसरीन, केमिस्ट्रीच्या पुस्तकात ग्लिसरॉल, म्हणजे पाण्यासारखा पारदर्शक पण पाकासारखा दाट आणि चवीला गोडसर द्रव. कुठल्याही क्रीमची, लोशनची नाहीतर सीरमची बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा, पाण्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर बऱ्याचदा हेच सापडतं, पण पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात नाव भलत्याच कुणाचंतरी असतं. त्वचेत पाणी धरून ठेवणाऱ्या अशा पदार्थांना ह्युमेक्टंट म्हणतात.

शोध १८व्या शतकाच्या शेवटी लागला, कार्ल शील या स्वीडिश केमिस्टने ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं तेव्हा हा गोड द्रव मिळाला, नाव नंतर शेव्रूल या फ्रेंच केमिस्टने गोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिलं. तेल-चरबीपासून साबण करताना ते आपोआप सुटतं, बायोडिझेल बनवतानाही, त्यामुळे माल भरपूर आणि स्वस्त. स्वस्त म्हणूनच त्याचा फारसा गाजावाजा होत नाही असं मला वाटतं.

रेणू इवलासा, तीन कार्बन आणि प्रत्येकाला एकेक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट, आणि हे तिन्ही गट पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधाने धरतात. स्पिरिटची बाटली उघडी राहिली तर ते उडून जातं, ग्लिसरीनचं उलटं, ते हवेतली ओल ओढून घेऊन हळूहळू पातळ होतं. निव्वळ ग्लिसरीनचा थेंब ओलसर हातावर चोळला की जरा गरम लागतं, कारण पाण्यात मिसळताना त्यातून उष्णता सुटते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, पण त्यात पाणी असेपर्यंतच तो मऊ राहतो, ते साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की त्वचा ताणल्यासारखी होते, खपल्या सुटतात, भेगा पडतात. जुन्या पेशींना एकमेकींपासून सोडवणारी एन्झाइम्सही पाणी नसेल तर नीट काम करत नाहीत, म्हणून पांढरी पापुद्र्यासारखी त्वचा घासून काढण्यापेक्षा ग्लिसरीनवालं लोशन लावून लवकर बसते. दुसऱ्या एका ह्युमेक्टंटचा, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचा रेणू मोठा, तो बहुतेक वरवरच राहतो, ग्लिसरीनचा रेणुभार जेमतेम ९२, त्यामुळे ते या थरात आत शिरतं.

बरं, हा काही बाहेरचा पाहुणा नाही. त्वचेतल्या तैलग्रंथींच्या स्रावातली चरबी फुटली की ग्लिसरीन तयार होतंच, आणि पेशींच्या आवरणात अ‍ॅक्वापोरिन-३ नावाची प्रथिनाची नळी असते ती पाण्याबरोबर ग्लिसरीनही आत घेते. (अ‍ॅक्वापोरिनच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.) ही नळी नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी पडते, आणि गंमत म्हणजे ग्लिसरीन दिलं की सुधारते.

निव्वळ ग्लिसरीन चेहऱ्याला फासणं मात्र शहाणपणाचं नाही. ते इतकं पाणीखेचू आहे की हवा कोरडी असेल तर त्वचेतलंच पाणी ओढून घेऊ शकतं, वर चिकट होतं आणि चुरचुरतंही. पाण्यात विरघळवलेलं, ओलसर त्वचेवर, आणि वरून पेट्रोलियम जेलीसारखं काहीतरी झाकण, अशी जोडी जमली तर पाणी धरलंही जातं आणि उडतही नाही. बहुतेक क्रीम याच हिशोबाने बनवतात.

प्रमाण सहसा २ ते १० टक्के. त्याच्या वर गेलं की बोटं चिकटायला लागतात, ते लपवायला सिलिकोन घालतात. हाताच्या क्रीममध्ये मात्र २० टक्क्यांच्या वरही असतं, त्यामुळे ते लावल्यावर पाच मिनिटं फोनला हात लावता येत नाही.