ब्रेक वाजत नाहीत म्हणजे पॅड चांगले?

"ब्रेक वाजत नाहीत तोवर पॅड बदलू नका," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. झिजल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून किंचाळणारी पत्र्याची पट्टी काही पॅडना असते, सगळ्यांना नाही. आणि खरखर ऐकू आली, तर बहुधा लायनिंग (पॅडचा डिस्कवर घासणारा थर) संपून मागची लोखंडी पाटी डिस्क खात असते.

भरलेल्या गाडीने कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना पातळ पॅडमधून उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत लवकर पोचते. ते उकळलं की ब्रेक नीट लागत नाहीत. धोका तिथे आहे.

गाडी गार झाल्यावर अलॉय व्हीलच्या फटीतून टॉर्च मारा. नव्या पॅडचं लायनिंग साधारण 10 मिमी असतं. 3 मिमीवर आलं की बदला. आतला पॅड बरेचदा जास्त झिजतो, म्हणून मेकॅनिकला चाक काढूनच बघायला लावा. ब्रेक ऑइलची पातळी पॅड झिजल्यानेही उतरते, म्हणून ती उतरली असेल, तर नुसतं ऑइल भरू नका. आधी पॅड बघा.