दुसरा प्रोसेसर घ्यावा का?

नेरूळचा माझा भाचा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आला तोच हातात यादी घेऊन. सर्व्हरमधून निघालेले दोन सेकंडहँड झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर), दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर बसवता येतील असा मदरबोर्ड, त्याला पुरेल असं मोठं कॅबिनेट. "मामा, चौदा नि चौदा अठ्ठावीस कोअर! एवढ्या पैशांत कुठे मिळतील?"

कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. बेरीज बरोबर होती. मी त्याला होळीच्या स्वयंपाकाची आठवण करून दिली. डाळ शिजवून पुरण वाटेपर्यंत दीड तास जातो आणि पोळ्या लाटून भाजायला आणखी दीड. मदतीला आत्या आली, दुसरं पोळपाट मांडलं, दुसरा तवा ठेवला, की पोळ्या पाऊण तासात होतात. डाळ मात्र दोघी चुलीपाशी उभ्या राहिल्या म्हणून लवकर शिजत नाही. तीन तासांचं काम सव्वादोन तासांवर येतं, म्हणजे वेग जेमतेम 1.33 पट. दहा जणी आल्या तरी दीड तासाच्या खाली येणार नाही. संगणक-अभियंते जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 मध्ये संगणकाबद्दल हेच मांडलं. कामाचा 90 टक्के भाग वाटता येत असला, तरी दोन प्रोसेसरवर वेग 1.8 पटच होतो.

मग त्याच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला आणि आलेखात प्रत्येक कोअरची वेगळी चौकट दिसेल असं केलं. स्केचअप या त्रिमितीय आराखड्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो त्याचं इमारतीचं मॉडेल फिरवायला लागला. एक चौकट वरपर्यंत भरली, बाकीच्या तळाशीच राहिल्या. रेंडर, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं, सुरू केल्यावर मात्र सगळ्या एकदम भरल्या. त्याचा दिवस जातो मॉडेल करण्यात. रेंडर आठवड्यातून दोन-तीनदा, तेही रात्री. ज्या कामाला एकच कोअर लागतो तिथे त्या कोअरचा वेग महत्त्वाचा. यादीतला 2016 चा झिऑन ई5-2680 व्ही4 फार तर 3.3 गिगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला 330 कोटी ठोक्यांपर्यंत जातो. आजचे घरगुती प्रोसेसर साडेचारच्या पुढे जातात, आणि तेवढ्याच ठोक्यांत कामही जास्त उरकतात.

दोन सॉकेटची दुसरी अडचण अंतराची आहे, आणि मला तीच सगळ्यात रंजक वाटते. 3 गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा 10 सेंटिमीटरच जातो. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघांतून संदेश जातो तो साधारण त्याच्या निम्म्या वेगाने. दोन्ही प्रोसेसरची रॅम वेगवेगळी असते. हवी ती माहिती दुसऱ्याच्या रॅममध्ये असली, तर गूळ शेजारच्या बिऱ्हाडातून आणावा तसं होतं: मिळतो, पण वेळ साधारण दीडपट लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात. प्रोग्रॅम ती ओळखून लिहिलेला नसेल, तर या येरझारांतच वेळ जातो.

एके काळी हा घाट घालण्यात अर्थ होता. 1999 मध्ये अबिट कंपनीच्या बीपी6 मदरबोर्डवर लोक इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बसवत. त्यालाही विंडोज एनटी किंवा लिनक्स लागे, कारण विंडोज 98 दुसरा प्रोसेसर वापरतच नसे. 2005 मध्ये एकाच चिपवर दोन कोअर असलेले घरगुती प्रोसेसर बाजारात आले आणि घरापुरती ती गरज संपली. आजही विंडोजची होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, दोनसाठी प्रो घ्यावी लागते.

ऐरोली-महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये दोन सॉकेटचे सर्व्हर शोभतात. तिथे एकाच यंत्रावर शेकडो लोकांची सुटी-सुटी कामं एका वेळी चालतात, ती आपसूक वाटली जातात आणि रॅमही भरपूर लागते. घरातही कोणी एका वेळी दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) चालवत असेल, किंवा रोज तासन्‌तास प्रोसेसरवरच रेंडर करत असेल, तर त्याने सेकंडहँड झिऑन जरूर घ्यावेत. फक्त विजेचा हिशोब आधी करावा. असे दोन झिऑन 120-120 वॅटचे, तर आठ कोअरचा घरगुती प्रोसेसर रायझन 7 5700एक्स 65 वॅटचा. सहा तासांच्या रेंडरला जवळपास एक युनिट जास्त जातं. शिवाय ती सगळी उष्णता मे महिन्यात नेरूळच्या दहा बाय दहाच्या खोलीतच राहणार.

भाच्याने यादी पुन्हा केली. आठ कोअरचा एकच प्रोसेसर, आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. त्याचा रेंडरर कार्डावरही चालतो, हे त्याने आधी सेटिंग उघडून पाहून घेतलं.