जर्सी एकच, रेस जिची तिची: बायकांच्या अमॅच्युअर रोड रेसिंगची पार्श्वभूमी

मागच्या सीझनला लीड्सजवळ एका बंद सर्किटवर आमची रेस होती, बायकांची, कॅटेगरी तीन आणि चार एकत्र, म्हणजे नवख्या आणि जरा कमी नवख्या. आमच्या क्लबच्या चौघी होतो. तीन लॅप उरलेले असताना मी वळणावरून जोर काढून पुढे सटकले, दहा-पंधरा सेकंदांचा गॅप पडला, मला वाटलं जमतंय बहुतेक, आणि मागे वळून बघते तर अख्ख्या घोळक्याला ओढत माझ्यामागे कोण येतंय, तर आमचीच पोरगी, आमच्याच जर्सीत! मग काय, सगळ्या मला गाठून मोकळ्या, आणि स्प्रिंटमध्ये तिसऱ्याच क्लबची जिंकली. नंतर पार्किंगमध्ये फ्लास्कमधला चहा पिताना मी तिला विचारलं, अगं असं का केलंस, तर ती एकदम निरागसपणे म्हणाली, तू पुढे गेलीस ना, मग मला गाठायला नको का?

तेव्हा डोकं फिरलं होतं माझं, खोटं कशाला बोलू. पण नंतर जुनं वाचत गेले तसं कळत गेलं की हा तिचा एकटीचा दोष नाहीये. इथे इंग्लंडमध्ये बायकांना सायकल एकटीनंच पळवायची असते हे शंभरेक वर्षं रस्त्यावर मुरलंय, आणि टीम म्हणून रेस करणं हे त्या मानानं फार नवीन आहे.

आधी ज्यांना रोड रेसिंगची सवय नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. पुढची हवा कापते आणि मागची तिच्या चाकाला चिकटून चालवते, तर मागचीची साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी मेहनत वाचते. सगळा खेळ याच्यावर. म्हणून टीममधली एक जण ब्रेकमध्ये, म्हणजे घोळका सोडून पुढे सटकलेल्या एकदोघींत, गेली की बाकीच्यांनी मागे गप्प बसायचं, पुढे येऊन हवा कापायचीच नाही, दुसऱ्या टीमच्या पोरींना दमू द्यायचं. आणि शेवटी स्प्रिंट असेल तर एकीनं दुसरीला आपल्या मागे बसवून शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत आणून सोडायचं, याला लीडआउट म्हणतात, यात आणणारी स्वतः दहावी-पंधरावी येते आणि तिचं नाव कुठेच छापून येत नाही. म्हणजे हरायचं ते ठरवून, मैत्रिणीसाठी. आता हे कुणी शिकवल्याशिवाय कुणाला सुचणार?

तर इतिहास. १८९४ च्या जुलैमध्ये ग्रेट नॉर्थ रोडवर एका क्लबची रेस चालू होती, त्यात सायकलवाल्यांचा घोळका आणि एका बाईची घोडागाडी यांचा गोंधळ झाला, घोडा बिथरला. पोलिसांच्या डोळ्यांवर सायकलवाले आधीच होते. रस्त्यावर एकत्र सुटायची रेस म्हणजे पूर्ण खेळावरच बंदी ओढवून घेणं, अशी भीती बसली आणि तिथल्या संघटनेनं, नॅशनल सायकलिस्ट्स युनियननं, खुल्या रस्त्यावरच्या रेसमधून अंगच काढून घेतलं. मग बिडलेक नावाच्या गृहस्थांनी पळवाट काढली, एकेकाला ठरावीक अंतरानं सोडायचं आणि घड्याळ लावायचं. १८९५ च्या ऑक्टोबरात अशी पहिली ५० मैलांची रेस झाली. हीच टाइम ट्रायल. पहाटे पहाटे, गावापासून लांब, मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, कुणाला संशय नको म्हणून. कोर्सला नाव नाही, कोड असायचा, आणि गंमत म्हणजे आजही कोडच असतो, मी पहिल्यांदा एंट्री भरली तेव्हा मला ते वायफायचं पासवर्ड वाटलं होतं.

युरोपात, म्हणजे फ्रान्स, बेल्जियम, इटलीत, तेव्हा पुरुष घोळक्यानं रेस करत होते, टीम बनत होत्या, डावपेच शिकत होते, आणि इंग्लंडमध्ये मात्र एकट्यानं घड्याळाशी भांडायची पद्धत पक्की झाली. पुरुषांसाठी ही कोंडी फुटली ती १९४२ मध्ये, पर्सी स्टॉलर्ड नावाच्या रेसरनं लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी एकत्र सुटायची रेस घेतली. महायुद्धामुळे रस्त्यावर गाड्याच नव्हत्या, पोलीसही काही बोलले नाहीत. त्याबद्दल त्याला बक्षीस काय, तर निलंबन! मग त्यानं आणि त्याच्या मंडळींनी वेगळी लीग काढली आणि दोन संघटनांची भाऊबंदकी १९५९ पर्यंत चालली, मग एकदाच्या दोन्ही एकत्र आल्या. तो सगळा वेगळाच तमाशा आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

बायकांचं काय, तर त्यांना घोळक्यातली रेसच नाही, मोठं कौतुक व्हायचं ते एकटीच्या रेकॉर्डचं. एका गावाहून दुसऱ्या गावाला किती तासांत गेली, एवढंच. १९३० च्या दशकात त्यासाठी बायकांची वेगळी रेकॉर्ड असोसिएशनही निघाली. मार्गरिट विल्सननं १९३९ मध्ये इंग्लंडच्या खालच्या टोकापासून स्कॉटलंडच्या वरच्या टोकापर्यंतचं रेकॉर्ड केलं, मग १९५४ मध्ये आयलीन शेरिडननं तेच अंतर २ दिवस ११ तास ७ मिनिटांत मारलं. उंची ४ फूट ११ इंच! या दोघींना सायकल कंपनीनं पगारावर ठेवलं होतं, म्हणजे त्या अमॅच्युअर राहिल्या नव्हत्या, जाहिरातीत फोटो छापून यायचे. पण बघा, बाईचा फोटो चालतो, रेकॉर्ड चालतं, मात्र तीसचाळीस बायका एकमेकींना कोपर लावून वळणावर भांडतायत हे चालत नाही. मला वाटतं खरी अडचण तिथेच होती, अंतराची वगैरे कारणं नंतर जोडलेली.

हे बदलायला घेतलं ते आयलीन ग्रे या बाईनं. युद्धाच्या काळात इंजिनिअरिंगच्या कामावर जायची, बसगाड्यांचा भरवसा नाही म्हणून सायकल धरली, तिथून क्लब, तिथून रेस. १९४६ मध्ये ब्रिटिश बायकांची टीम डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये रेसला गेली त्यात ही होती. परत आल्यावर इतर काही जणींबरोबर विमेन्स सायकल रेसिंग असोसिएशन उभी केली. पुढे आयुष्यभर कमिट्यांमध्ये पुरुषांशी वाद घालत बसली, शेवटी १९७६ ते १९८६ ब्रिटिश सायकलिंग फेडरेशनची अध्यक्षच झाली. आपल्याकडे मंडळाच्या मीटिंगमध्ये एखादी मावशी असते ना, तिला गप्प बसवता येत नाही आणि ती नसली तर कामं होत नाहीत, तसं काहीतरी असावं असं मला उगाच वाटतं.

१९५५ मध्ये फ्रान्समध्ये जाँ ल्यूलियो या पत्रकारानं बायकांची पाच दिवसांची टूर घेतली, नॉर्मंडीच्या बाजूला, आणि ती जिंकली मिली रॉबिन्सननं, आइल ऑफ मॅनची पोरगी. पाच दिवस, रोज सकाळी उठून पुन्हा तोच घोळका, तिथे टीमशिवाय भागतच नाही, कारण पंक्चर झालं तर चाक कोण देणार, कुणी ब्रेकमध्ये पुढे सटकल्या तर त्यांना गाठून कोण आणणार. पण दुसऱ्या वर्षी ती टूर झालीच नाही, पुन्हा काही व्हायला १९८४ उजाडलं. एकोणतीस वर्षं! तेवढ्यात एक पिढी शिकून रिटायर झाली असती.

बायकांची पहिली रोड वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५८ मध्ये रॅम्सला, फ्रान्समध्येच, जिंकली लक्झेंबर्गच्या एल्सी जेकब्सनं. अंतर साधारण ६० किलोमीटर. आमच्याकडच्या रविवारच्या क्लब राइडला याहून जास्त होतं आणि मध्ये केक खायला थांबतो.

आणि मग बेरिल बर्टन. तिच्याबद्दल लिहायला बसलं की बाकीचं राहून जातं. लीड्सची, मोर्लीला राहायची, लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, डॉक्टरांनी दमायचं नाही म्हणून सांगितलेलं. नवऱ्यानं, चार्लीनं, सायकलिंगला नेलं. नोकरी कसली, तर रुबार्बच्या शेतावर, वाकून वाकून मजुरी. (रुबार्ब म्हणजे आंबट लाल देठांची भाजी, इथले लोक साखर घालून खातात, मला अंबाडीची आठवण येते.) १९६० मध्ये पूर्व जर्मनीत आणि १९६७ मध्ये नेदरलँड्सच्या हेर्लेनला रोड वर्ल्ड चॅम्पियन, ट्रॅकवर पर्सूटमध्ये, म्हणजे दोघींनी एकमेकींचा पाठलाग करायच्या रेसमध्ये, आणखी पाच वेळा, आणि टाइम ट्रायलची बेस्ट ऑल-राउंडर, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांत मिळून वर्षातली सर्वोत्तम, सलग २५ वर्षं, १९५९ ते १९८३. प्रोफेशनल व्हायची ऑफर आली ती नाकारली, शेवटपर्यंत अमॅच्युअर.

१९६७ च्या सप्टेंबरमधली ती बारा तासांची टाइम ट्रायल तर इथे प्रत्येक क्लबात सांगतात. पुरुष आणि बायका एकाच कोर्सवर, बायका मागून सोडलेल्या. बेरिल एकेकाला गाठत गाठत शेवटी माइक मॅकनमारापर्यंत पोचली, तो त्या दिवशी स्वतः पुरुषांचं रेकॉर्ड करायला निघालेला. आता याला मागे टाकायचं म्हणजे अवघडल्यासारखं झालं असणार, म्हणून तिनं खिशातली लिकोरिसची गोळी काढून त्याला दिली, त्यानं थँक्यू म्हणत घेतली आणि ही पुढे निघून गेली. २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. त्यानं त्या दिवशी पुरुषांचं रेकॉर्ड खरोखर केलं, फक्त तिच्यापेक्षा थोडं कमी अंतर. बायकांमधलं तिचं हे रेकॉर्ड मोडायला २०१७ उजाडलं.

पण माझा मुद्दा वेगळाय. बेरिल इतकी जबरदस्त होती की तिला टीमची गरजच नव्हती. रोड रेसमध्येसुद्धा ती पुढे यायची, पायडल मारत राहायची आणि मागच्या एकेक करून गळायच्या, १९६० च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ती एकटीच काही मिनिटं पुढे होती. म्हणजे एकत्र सुटलेली टाइम ट्रायलच ती. ज्या पोरी तिच्याकडे बघून सायकलवर बसल्या त्यांनी काय शिकावं, की पाय मजबूत असले की झालं. चाकाला चिकटून शेवटी पुढे येणं हे जरा हलकंच समजलं जायचं, आजही आमच्या क्लबातले जुने लोक अशा रायडरला गोचीड म्हणावं तसं काहीतरी म्हणतात.

यावरचा सगळ्यात बोलका प्रसंग १९७६ च्या नॅशनल रोड रेसचा. बेरिलची मुलगी डेनिस तेव्हा वीस वर्षांची, दोघी एकाच ब्रेकमध्ये. बेरिलच्या मते पोरगी मागे बसून राहिली, तिनं हवा कापलीच नाही, आणि शेवटी स्प्रिंटमध्ये आईला हरवून नॅशनल टायटल घेऊन गेली. पोडियमवर आईनं हात मिळवायला नकार दिला! आता तुम्हीच सांगा, डेनिसनं काय चूक केलं? बेल्जियममध्ये याला शहाणपण म्हणतात. पण बेरिलच्या जगात तो अप्रामाणिकपणा होता. घरी त्या संध्याकाळी जेवायला काय होतं आणि कोण कुणाशी बोललं असेल याची मला अजून उत्सुकता आहे.

ऑलिंपिकमध्ये बायकांची रोड रेस आली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला, पुरुषांची तर पहिल्याच ऑलिंपिकमध्ये, १८९६ ला, होती. बेरिल तोपर्यंत ४७ वर्षांची. ७९ किलोमीटरची रेस, आणि शेवटी अमेरिकेच्या दोघी टीममेट, कॉनी कार्पेंटर आणि रेबेका ट्विग, एकमेकींच्या विरुद्ध स्प्रिंट मारत आल्या, कॉनीनं शेवटच्या क्षणी हात ताणून सायकल अंगाखालून पुढे रेटली आणि अर्ध्या चाकानं जिंकली. त्याच उन्हाळ्यात बायकांची टूर द फ्रान्सही झाली, १८ स्टेज, सहासहा जणींच्या टीम, आणि जिंकली अमेरिकेतल्या बोल्डरची मारियान मार्टिन. बक्षीस साधारण हजार डॉलर आणि एक ट्रॉफी, तेही पैसे टीममध्ये वाटून टाकले. मला ही वाटणी फार महत्त्वाची वाटते, कारण वाटून घ्यायला सुरुवात झाली की समजायचं आता ही टीम आहे. आम्ही पण हल्ली बक्षिसाचे वीस पौंड आले तर चौघींत वाटतो, म्हणजे प्रत्येकीला एक कॉफी आणि अर्धा बन.

ब्रिटिश बायकांना टीमनं रेस करताना जगानं नीट पाहिलं ते मला वाटतं २००८ मध्ये, बीजिंगला. पाऊस धो धो, एमा पूलीनं आधी अटॅक करून करून बाकीच्या देशांना दमवलं, आणि निकोल कुकनं शेवटी चढावर स्प्रिंट मारून गोल्ड घेतलं. कुक जिंकली हे सगळ्यांना आठवतं, पूली त्यात काय करत होती हे विचारलं तर दहातले दोन सांगतील.

आणि उलट बाजूनं २०२१ चं टोकियो. नेदरलँड्सच्या चार पोरी, चारही कुठलीही रेस जिंकतील अशा, आणि ऑस्ट्रियाची आना कीझनहोफर, गणितात डॉक्टरेट, कुठल्याही प्रो टीममध्ये नाही, देशाकडून एकटी. ती सुरुवातीलाच ब्रेकमध्ये गेली, ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे मागच्यांचा हिशोब चुकला, पुढे अजून एक जण आहे हेच विसरल्या. ॲनेमीक फान फ्लूटन दोन्ही हात वर करून आनंदानं लाइन ओलांडते, तर ती दुसरी! ७५ सेकंद आधीच गोल्ड गेलेलं. ही क्लिप मी आमच्या ग्रुपवर टाकली तर आमची तीच पोरगी म्हणाली, बघ, टीम नसली तरी जिंकता येतं. मी म्हटलं अगं बाई, चौघींनी एकमेकींशी बोलायचं राहून गेलं म्हणून ती जिंकली.

आता आमच्या पातळीवर अजून एक अडचण आहे ती म्हणजे संख्या. बायका कमी, म्हणून पुष्कळदा सगळ्या कॅटेगरी एकत्र सोडतात, नवखी आणि वीस वर्षं रेस करणारी एकाच लाइनवर. नवखी पहिल्या दोन लॅपमध्येच सुटते, मग ती टीमसाठी करणार तरी काय, तिला टिकायचीच पंचाईत. पुरुषांच्या कॅटेगरी चारला वेगळी रेस मिळते, तिथे सारख्या ताकदीच्यांमध्ये चुका करत करत शिकता येतं. पुण्याला फोन केला की आई विचारते, मुंबई-पुणे रेसमध्ये घाटाचा राजा असतो तसं तुमच्यात घाटाची राणी असते का गं? असते म्हटलं, पण आधी घाटापर्यंत घोळक्यात राहावं लागतं.

यंदा आम्ही एक केलंय. मंगळवारी संध्याकाळी रिकाम्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नुसती लीडआउटची प्रॅक्टिस, दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, आळीपाळीनं, प्रत्येकीला एकदा तरी मुद्दाम दहावी यायचं. पहिल्या आठवड्यात त्या पोरीनं मला खांबापर्यंत आणलं, बाजूला होताना हातानं खूण करायची विसरली, आणि मी तिच्या मागच्या चाकाला चाक लावून गवतात. कोपर सोललं. ती सायकल टाकून धावत आली, आणि पहिला प्रश्न काय, तर स्पीड किती होता?